निकेलचे बिराजदार सर

बिराजदार सर कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की हॉलमध्ये बसत नसत. सरळ स्वयंपाकघरात जात, ओट्यापाशी उभे राहत, गळ्यातल्या काळ्या नाडीला बांधलेलं भिंग डोळ्याला लावत आणि नाक टेकेल इतके ओट्यावर वाकत. घरातल्या बाईचा जीव खालीवर होई. तिला वाटे, पाहुण्याला झुरळ दिसलं.

आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. यजमान प्रत्येकाला ओटा दाखवत होते. "ब्लॅक ग्रॅनाइट. मुद्दाम बाहेरून मागवलाय."

सर भिंगातून मान वर न काढता म्हणाले, "दगड फार चांगला आहे. ग्रॅनाइट नाही."

"नाही म्हणजे?"

"गॅब्रो आहे. आपला काळा दगड जमिनीच्या वर येऊन थिजला. हा खाली राहिला आणि सावकाश थिजला. म्हणून दाणे मोठे."

"अहो सर, दुकानदाराने बिलावर ग्रॅनाइट लिहून दिलंय!"

"बिलाचं मला माहीत नाही," सर म्हणाले. "मला दिसलं तेवढं सांगितलं."

यजमानांनी त्यांना जेवणाच्या पहिल्या पंगतीत बसवलं नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. ते गॅलरीत उभे राहून जिन्याच्या पायऱ्यांचा दगड बघत होते.

मी रसायनशास्त्र शिकवते. माझी प्रयोगशाळा आणि सरांचा भूशास्त्र विभाग यांच्यात एक भिंत आणि एक दार होतं. त्या दारातून ते दिवसाआड यायचे, सौम्य आम्लाची बाटली मागायला. "माने मॅडम, थोडं अॅसिड." थोडं म्हणजे खरोखरच थोडं. दगडावर एक थेंब टाकायचा, फसफसतो का बघायचं, संपलं. बाटली परत आणून देताना झाकण पुसून द्यायचे.

ठेंगणे, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर सकाळी लावलेल्या विभूतीचे दुपारपर्यंत उरलेले पट्टे. किल्ल्यांच्या जुडग्याला एक लोहचुंबक लटकलेलं असायचं. ते मोटरसायकलच्या टाकीला, शिपायाच्या घंटेला, कँटीनच्या वडे तळायच्या झाऱ्याला, कशालाही लावून बघत. दगड हातात आला की आधी जिभेला लावत. ओला झाला की रंग खुलतो, हे त्यांचं कारण. मुलं मागे हसायची. एकदा एका मुलीने धीर करून विचारलं, "सर, किळस नाही वाटत?" तर म्हणाले, "कोट्यवधी वर्षं उन्हात तापलाय तो. आपण काल भाजी घेतली ती त्यापेक्षा स्वच्छ होती का?"

ते मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड, गावात दोन्ही, कॉलेजात मराठी. रागावले की कन्नडमध्ये पुटपुटायचे आणि रागावणं तिथेच संपायचं. लग्न केलं नव्हतं. त्याविषयी कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणत, जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. आईवडील गेलेले. गावाकडे थोरले भाऊ, मल्लिनाथअण्णा, आणि वहिनी. जमीन अण्णा कसायचे.

कॉलेजात येण्याआधी सरांची बरीच वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेली होती, निकेलच्या एका लहानशा खाणीवर. म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'निकेल' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

त्या खाणीबद्दल ते सांगायला लागले की माणूस बदलायचा. एरवी वाक्यं तोडून बोलणारे सर तेव्हा थांबत नसत. तांबडी भुई, इतकी तांबडी की पांढरे मोजे दुसऱ्यांदा पांढरे होत नाहीत. खुरटी झुडपं. पाऊस वर्षाकाठी नावाला. आणि जमिनीखाली पाणी आहे, पण समुद्राहून खारट, तोंडात घालवत नाही. अशा ठिकाणी आपल्या सिद्धेश्वर तलावापेक्षाही लहान खड्डा, त्याच्या तळातून खाली उतरणारा बोगदा, आणि वर पत्र्याच्या खोल्यांची वस्ती.

"निकेल तिथं आलं कसं?" मी एकदा विचारलं. डबे उघडलेले होते.

सरांनी माझ्या डब्याकडे बोट केलं. त्यात पिठलं होतं. "आपल्या सोलापूरखालचा लाव्हा हा असा. घट्ट. सावकाश पसरणारा. तिथला लाव्हा याच्या कितीतरी आधीचा, पृथ्वी आतून फार तापलेली होती तेव्हाचा. तो म्हणजे कढी. पातळ, सळसळत जाणारा. जाताना वाटेतलं गंधक त्यानं उचललं. गंधकाला निकेल आवडतं. दोघांचं मिळून जे झालं ते जड. आमटीत दाण्याचं कूट तळाला बसतं की नाही, तसं ते लाव्ह्याच्या तळाला खळग्याखळग्यांत बसलं. खाण म्हणजे ते खळगे शोधायचे."

मग त्यांनी त्यांच्या कपाटातून नमुने काढून आणले. एक ताज्या खनिजाचा तुकडा, मळकट पितळेसारख्या रंगाचा, आकाराच्या मानाने भलताच जड. त्याला पेंटलंडाइट म्हणतात. त्याच्या शेजारी चिकटलेलं दुसरं खनिज, ज्यावर सरांचं चुंबक टक्कन बसलं. एक गंजलेला, मधमाशांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा दगड, जो जमिनीवर दिसला तर समजायचं, खाली कधीतरी काहीतरी होतं. आणि सगळ्यांत शेवटी, रुमालात बांधलेला, कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवागार खडा.

"गॅस्पेइट," सर म्हणाले. "निकेलचा कार्बोनेट. ते पितळी खनिज वर हवापाण्याशी आलं की गंजतं. त्यातलं निकेल पाण्यात उतरतं, भेगांमधून हिंडतं, आणि पाणी आटलं की हा होऊन बसतो. पावसाचा मुलूख असता तर सगळं वाहून गेलं असतं. वाळवंट आहे म्हणून हा हिरवा राहिला."

बोलता बोलता त्यांनी तो खडा उचलून जिभेला लावला आणि उजेडात धरला. खरंच, रंग खुलला.

ती नोकरी त्यांनी का सोडली, हे मला बऱ्याच काळाने कळलं, तेही विचारल्यामुळे नाही. परीक्षेचं काम होतं, आम्ही दोघंच थांबलो होतो, वीज गेली होती. सर खिडकीपाशी उभे राहून सांगू लागले.

त्या खाणीत खनिजाचा पट्टा खाली खाली जात होता आणि एका ठिकाणी तुटला. जमिनीत भेग पडून एक बाजू सरकली होती. तुटलेला पट्टा भेगेच्या पलीकडे कुठे गेला, हे ठरवणं सरांचं काम. त्यांनी नकाशे काढले, उतार मोजले आणि अहवालात लिहिलं की पट्टा पलीकडे खोलवर असण्याची शक्यता चांगली आहे, छिद्र पाडून बघावं. अहवालात काहीच चुकीचं नव्हतं. पण त्या दिवशी कँटीनमध्ये तिथला स्वयंपाकी त्यांच्या ताटात वाढता वाढता म्हणाला, "काय साहेब, आहे का पुढं?" तो फिलिपिन्सचा होता, दोन मुलींचा बाप, त्याच्या हातचा भात सरांना आवडायचा. सर जेवणाच्या नादात म्हणाले, "असेल की."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. त्यानं ते 'आहे' असं ऐकलं. बायकोमुलींना बोलावून घेतलं. जवळच्या गावात घर घेतलं. मला नंतर कळलं. मग छिद्र पाडलं. एक पाडलं, दुसरं पाडलं, तिसरं पाडलं. नुसता दगड. पट्टा तिथं संपलेलाच होता. खाण बंद झाली. सगळ्यांच्या शेवटी निघालेल्यांत मी होतो आणि तो होता. आम्हाला जेवायला घालायला तो थांबला होता. मला एक शब्द बोलला नाही. उलट निघताना डबा भरून दिला."

वीज आली. सरांनी खुर्चीत बसून पुढचा पेपर उचलला.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की हा माणूस 'असेल' हा शब्द वापरतच नाही. पाऊस येईल का विचारलं तर "ढग दिसतायत" म्हणायचे. प्राचार्य आहेत का केबिनमध्ये, तर "चप्पल बाहेर आहे." तोंडी परीक्षेत कुणा मुलाने "सर, हा क्वार्ट्झ असेल" म्हटलं, की सर शांतपणे विचारत, "तू काय बघितलंस, ते सांग. नाव नंतर." मुलं वैतागायची. मीही कधीकधी वैतागायची. साधं बोलणं कोर्टात साक्ष दिल्यासारखं का करायचं?

मग बॅटरीच्या गाड्यांचे दिवस आले. सोलापुरात रिक्षासुद्धा बिनआवाजाच्या पळू लागल्या, आणि निकेल, लिथियम असले शब्द पानटपरीवर ऐकू यायला लागले. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मल्लिनाथअण्णा स्टाफरूममध्ये आले. उंच, धिप्पाड, धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. दोघे भाऊ आहेत हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. हातात सिमेंटची रिकामी गोणी, तिच्यात दगड. गोणी त्यांनी सरांच्या टेबलावर, तपासायच्या पेपरांवरच ठेवली.

"तम्मा, बघ."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अण्णा सरांना दुसऱ्या नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नाही.

सरांनी एक दगड काढला. काळा, आतून पोकळ्यापोकळ्यांचा, आणि प्रत्येक पोकळीला आतून हिरवा लेप. गडद, पोपटी नव्हे, शेवाळी. सरांनी तो चाटला. भिंग लावलं. नखाने हिरवा लेप खरवडला. तो साबणासारखा निघाला.

"कुठला?"

"आपल्या विहिरीचा. खाली उतरलोय अजून, तितं लागलाय. टेंभुर्णीचे एक सायब आल्ते, गाडी घेऊन. त्यांनी नेऊन तपासला. निकेल हाय म्हन्ले. समदी शिवार निकेलची हाय म्हन्ले. कंपनी येनार हाय." अण्णांचा आवाज स्टाफरूमभर घुमत होता. "मी सांगितलं त्यास्नी, माजा भाऊ निकेलच्याच खाणीत व्हता परदेशात. लई खूश झाले की. म्हन्ले, मग तर काय इचारायलाच नको."

सर दगडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, ही हिरवी माती आहे. सेलॅडोनाइट. आपल्याकडे विहिरी खणताना कुठंही सापडते. लोखंड आहे यात. निकेल दिसत नाही."

"दिसत न्हाय म्हंजे असंल की!"

सरांनी दगड गोणीत परत ठेवला.

"सोमवारी देवळाम्होरं बैठक हाय," अण्णा म्हणाले. "करारावर सह्या व्हायच्यात. जमिनी लई वर्सांसाठी कंपनीकडं द्यायच्या. लोक माज्या तोंडाकडं बगून तयार झालेत. तू यायचं आन् दोन शब्द बोलायचे. आजवर कदी कशाला बोलावलं न्हाय तुला."

"येतो," सर म्हणाले.

अण्णा गेल्यावर ते मधल्या दारातून माझ्याकडे आले. या वेळी आम्ल मागायला नाही. "मॅडम, डायमिथिल ग्लायॉक्झाइम आहे का तुमच्याकडे?"

होतं. निकेल ओळखायचं ते रसायन. निकेल असेल तिथे अमोनियाच्या सोबत ते गुलाबी, जवळजवळ गुलालासारखा रंग देतं. दुसरं काही तसा रंग सहसा देत नाही. मी ते स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली भरली, आणि माझीही उत्सुकता असल्यामुळे सोमवारी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मैंदर्गीला गेले.

देवळापुढच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. बायका कडेला, ओट्यावर. टेंभुर्णीचे साहेब मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर, इस्त्रीचा फिकट शर्ट, बोलणं गोड. सरांना त्यांनी वाकून नमस्कार केला, "आमचे तज्ज्ञ आले" म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. अण्णा छाती पुढे काढून सरांच्या मागे उभे राहिले.

सरांनी भाषण केलं नाही. ते सतरंजीवर मांडी घालून बसले, रुमाल सोडला आणि कैरीच्या रंगाचा आपला खडा पुढे ठेवला. शेजारी विहिरीतला दगड. "हा निकेलचा आहे," ते म्हणाले. "मी तिथनं आणलेला. हा आपल्या विहिरीतला. दोघांना एकच औषध लावतो. बघा तुम्हीच."

त्यांनी खड्यावर आम्लाचा थेंब टाकला, थोडं थांबले, कापसाने टिपला, कापसावर अमोनिया आणि मग माझ्या बाटलीतला थेंब. कापूस लालगुलाबी झाला. पटांगणात एकदम आवाज उठला. पोरं पुढे घुसली. एका म्हातारीने कापूस हातात घेऊन वास घेतला आणि नाक मुरडलं.

मग विहिरीतला दगड. आम्ल, कापूस, अमोनिया. कापूस तांबूस झाला.

"आला!" टेंभुर्णीचे साहेब खुर्चीतून उठलेच. "आला की रंग! बघा!"

अण्णांनी वाकून कापूस बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरले नाही. लग्नाच्या मांडवात मुलाकडची गाडी दिसल्यावर बापाच्या चेहऱ्यावर येतं, तसं.

"तो लोखंडाचा रंग आहे," सर म्हणाले. "वीट घासल्यासारखा. गुलाबी नाही. आणि मी अजून बाटलीतलं औषध टाकलंच नाही."

"रंग तो रंग!" कुणीतरी ओरडलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिंबूसत्त्व मिळालं तर लोखंड बाजूला ठेवता येईल, ते धरून ठेवतं त्याला. समोरच्या किराणा दुकानातून लिंबूसत्त्वाची पुडी आली. सरांनी आधी खड्याचा कापूस पुन्हा केला, लिंबूसत्त्व घालून. पुन्हा गुलाबी. मग विहिरीच्या दगडाचा. या वेळी कापूस पांढरा राहिला. बाटलीतला थेंब टाकला. पांढराच. आणखी एक टाकला. सगळे वाकून बघत होते, आणि कापूस ओला, पांढरा, तसाच.

ओट्यावरच्या त्या म्हातारीने विचारलं, "मंग आमचा दगड कशाचा, बाबा?"

"लाव्ह्यात हवेचे बुडबुडे राहिले होते, आजी. त्यात हळूहळू ही माती बसली. तुमच्या आमच्या कितीतरी आधी. दगड जुना आहे, चांगला आहे. विकायचा नाही."

तिने मान हलवली. तेव्हा अण्णा बोलले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"तम्मा, ह्यो दगड ऱ्हाऊ दे. पर खाली? लई खाली? तितं असंल की न्हाय?"

सगळे सरांकडे बघू लागले. टेंभुर्णीचे साहेबसुद्धा. सरांनी दोन्ही कापूस उचलून रुमालात ठेवले. इथे त्यांना "नाही" म्हणता आलं असतं. मी तर मनात त्यांच्या वतीने म्हणूनही टाकलं होतं. त्या काळ्या दगडाखाली तसलं काही मिळावं असं कुठलंही लक्षण नव्हतं, हे त्यांनी वाटेत मला स्वतःच सांगितलं होतं.

"खाली मी बघितलेलं नाही," सर म्हणाले. "कुणीच बघितलेलं नाही. या साहेबांनीही नाही. ज्या दगडाच्या जोरावर तुम्ही सह्या करताय, तो निकेलचा नाही, एवढं मी सांगतो. खालचं मला माहीत नाही."

"बघा!" साहेबांनी हात पसरले. "तज्ज्ञच म्हणतात, माहीत नाही. म्हणजे नाही असं तेही म्हणत नाहीत!"

आणि काही लोकांनी सह्या केल्या. फार नाही, पण केल्या. आमच्या डोळ्यांदेखत. अण्णांनी केली नाही. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, खांद्यावर टाकला आणि सरांकडे न बघता घराकडे गेले. घरी वहिनींनी आमच्यासाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. आम्ही जेवलो. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

परतताना अक्कलकोटच्या अलीकडे सरांनी चहासाठी गाडी थांबवली. मला राहवलं नाही. "सर, खाली काही नाही, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या लोकांनी सह्या केल्या नसत्या."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. "तिकडं मी एक शब्द जास्त बोललो होतो," ते म्हणाले. "आज एक कमी बोललो. दोन्हींचं नुकसान माझं झालं नाही, मॅडम. लोकांचंच झालं." बशी रिकामी करून पुन्हा म्हणाले, "पण माहीत नसलेलं कसं सांगायचं?"

हे त्यांनी मला विचारलं होतं. मी चहाचे पैसे दिले.

टेंभुर्णीचे साहेब पावसाळ्याआधीच दिसेनासे झाले. हायवेवरच्या त्यांच्या ऑफिसला कुलूप लागलं. कुठली कंपनी आली नाही. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्या जमिनींवर तो करार चढून बसला, आणि ती माणसं वकिलाकडे चकरा मारू लागली. त्यातल्या एकाने अण्णांना भर बाजारात शिव्या दिल्या, कारण या सगळ्याला त्यांनीच हवा दिली होती. दुसऱ्याने तुझ्या भावाने सरळ सांगितलं का नाही म्हणून दिल्या. अण्णांनी दोन्ही ऐकून घेतल्या. मात्र सरांशी बोलणं बंद केलं.

सर दर आठवड्याला गावी फोन करायचे. वहिनी उचलायच्या. मी एकदोनदा समोर होते. "अण्णा?" सर विचारायचे. पलीकडून वहिनी काहीतरी सांगायच्या. "बरं," म्हणून सर फोन ठेवायचे आणि चुंबकाशी खेळत बसायचे. सह्या केलेल्यांपैकी एकाच्या वकिलासाठी त्यांनी त्या दिवशीच्या तपासणीचं सविस्तर टिपण लिहून दिलं, दोनदा कोर्टात जाऊन आले. तिथे करारावर नाव असलेल्या कंपनीच्या वकिलाने त्यांना विचारलं, खाली निकेल असण्याची शक्यता आपण पूर्णपणे नाकारता का? सरांनी काय उत्तर दिलं असेल, ते मी विचारलं नाही.

भूशास्त्र विभागाला मुलं मिळेनाशी झाली होती. शेवटच्या वर्षी वर्गात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. सर निवृत्त झाले आणि विभागही त्यांच्यासोबत बंद झाला. नमुन्यांचं कपाट कॉलेजला नको होतं. तिथे संगणक ठेवायचे होते. "घेऊन जा," असं कार्यालयातून सांगण्यात आलं. आधीच सरांच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये पलंगाखालीसुद्धा दगड होते. त्यांनी फ्लॅट विकून गावाकडे जायचं ठरवलं. अण्णांच्या घरी नाही. वडिलांच्या वेळची एक खोली होती, तिथे. अण्णांना त्यांनी वहिनींमार्फत कळवलं. उलट निरोप आला नाही.

सामान हलवायच्या दिवशी मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. मे महिना. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ठरवलेला टेम्पोवाला खोकी उचलून बघताच म्हणाला होता, "यात काय लोखंड भरलंय का, काका?" आणि एक फेरी करून खाली जाऊन बसला होता. सर एकेक खोकं कडेला सरकवत होते. तेव्हा जिन्यावर जड पावलं वाजली.

मल्लिनाथअण्णा दारात उभे होते. घामाने भिजलेले. सरांकडे त्यांनी नीट बघितलं नाही, खोक्यांकडे बघितलं.

"एवढे कल्लु?"

"हो."

"आन् गावाकडं दगड कमी हायती व्हय?"

सर उत्तर शोधत होते तोवर अण्णांनी एक खोकं डोक्यावर घेतलंही. मग दुसरं, मग तिसरं. दोन खोक्यांच्या मध्ये ते कन्नडमध्ये काहीतरी बडबडत होते, जिन्यावरून वर येतानाच्या धापांमधून. मला त्यातलं फारसं कळलं नाही. एकदा तेवढं मध्येच थांबले, खोकं कठड्यावर टेकवलं, वरचा कागद बाजूला करून एक दगड बाहेर काढला आणि विचारलं, "ह्यो कशाचा?"

सरांनी सांगितलं. अण्णांनी ऐकलं. दगड परत ठेवला, आणि त्याच्या शेजारचा काढला.

दुपार चढल्यावर टेम्पो भरला. केबिनमध्ये एकाची जागा होती. टेम्पोवाल्याने सरांना बोलावलं. सरांनी अण्णांना खूण केली, तुम्ही बसा. अण्णांनी ऐकलंच नाही. ते मागच्या फळीवर पाय देऊन वर चढले आणि खोक्यांमध्ये ऐसपैस बसले. मग सरही चढले. मी फाटकाशी उभी होते. सरांनी मला हात केला, मग लगेच वळून एका खोक्यातून काहीतरी काढून अण्णांना दाखवायला लागले.

टेम्पो कॉलनीच्या रस्त्याने सावकाश निघाला. ऊन पांढरं पडलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वळणावर मला शेवटचं दिसलं ते असं: सर उघड्या डोक्याने, हात हलवत हलवत काही समजावून सांगताहेत, आणि अण्णांनी आपल्या डोक्याचा टॉवेल सोडून तो सरांच्या डोक्याला गुंडाळायला घेतलाय, लहान पोराला गुंडाळावा तसा, कानांवरून घट्ट. सरांचं बोलणं चालूच होतं. त्यांना ते कळलंही नव्हतं.